खुनी कोण हे कळल्यावरही मालिका डोक्यातून जात नाही, असं का?

रातकिडा:
काल रात्री साडेनऊला 'एकच भाग बघून झोपू' म्हणून बसलो आणि पहाटे पावणेचारला 'ब्रॉडचर्च'चा पहिला सीझन संपवून उठलो. आठ भाग, सलग. २०१३ची ब्रिटिश मालिका, म्हणजे मी दहा-बारा वर्षं उशिरा पोचलोय, हसा खुशाल.

समुद्रकाठचं छोटं गाव, कड्याखाली अकरा वर्षांच्या मुलाचं प्रेत. तपासाला दोघं. तो बाहेरून आलेला, कुणाशी देणंघेणं नसलेला. ती गावातलीच, आणि तिचा मुलगा गेलेल्या पोराचा जिवलग मित्र. तो सगळ्यांवर संशय घेतो आणि ती म्हणते, छे, हे असं करणारच नाहीत, मी ओळखते त्यांना. मला धरून ठेवलं ते या 'मी ओळखते'ने. शहरातल्या खुनात खुनी परका असतो, पकडला की विषय संपला. इथे तो काल तुमच्या दारात उभा राहून बोलून गेलेला असतो. म्हणून माझं मत, या मालिकांचं व्यसन रहस्याचं नाहीच. ते गावाचं आहे.

तिरकस:
व्यसन गावाचं नाही, 'पुढचा भाग ५ सेकंदांत'चं आहे. नेटफ्लिक्सने भाग आपोआप सुरू करायची सोय २०१२च्या सुमाराला आणली, तेव्हापासून आपण सगळेच 'कलेच्या प्रेमात' पडलोय.

शिवाय हा साचा आता पाठ झालाय. तिसऱ्या भागात संशय धर्मगुरूवर, चौथ्यात दुकानदारावर, पाचव्यात बापावर. प्रत्येकाची पाळी येते, प्रत्येकाचं एक लफडं बाहेर पडतं आणि त्याचा खुनाशी काडीचा संबंध नसतो. मधे दोन मिनिटं धुकं आणि पियानो. दोन तासांच्या सिनेमाचा ऐवज आठ तासांत पाणी घालून वाढलाय, बाकी काही नाही.

शमा_क:
तिरकस, पाणी घातलेल्या मालिका ढिगाने आहेत, मान्य. पण उदाहरण चुकीचं निवडलंत. 'ब्रॉडचर्च' वाहिनीवर आठवड्याला एक भाग अशी दाखवली होती. पाच सेकंदांचं बटण तिथे नव्हतंच. लोक आठवडाभर थांबायचे, आपसात तर्क लढवायचे. खुनी कोण हे बहुतेक नटांनाही चित्रीकरणाच्या वेळी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पडद्यावर एकमेकांकडे बघताना जी शंका दिसते ती सगळीच अभिनयाची नाही.

आणि ती 'लफडी' खुनाशी संबंध नसलेली आहेत, हाच तर मुद्दा आहे. खून एकानेच केलाय, पण पोलीस दार वाजवतात तेव्हा उघडं पडतं सगळं गाव. निर्दोष सुटलेल्या माणसाकडेही शेजारी पूर्वीसारखं बघत नाहीत. दुकानदाराचं काय होतं ते लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. माझ्या मते तो भाग शेवटच्या उलगड्यापेक्षा भारी आहे.

अर्धविराम:
रातकिडासाहेब, 'रहस्याचं नाहीच' हे जरा जास्त झालं. या सगळ्या मालिकांची आजी 'ट्विन पीक्स'. १९९०मध्ये अख्खी अमेरिका 'लॉरा पामरला कुणी मारलं' विचारत होती. वाहिनीने दबाव आणून दुसऱ्या सीझनच्या मध्यातच उत्तर द्यायला लावलं. पुढे प्रेक्षक पांगले आणि १९९१मध्ये मालिका बंद. गाव तेच, माणसं तीच, धुकंही तेच. गेलं फक्त रहस्य. आता बोला!

रातकिडा:
बोलतो. तीच मालिका २०१७मध्ये अठरा नवे भाग घेऊन परत आली. खुनी माहीत असूनही त्या गावात परत जायला लोक तयार होते ना?

अर्धविराम:
त्याला आठवणींचा गहिवर म्हणतात. पण ठीक, अर्धा गुण दिला.

नीलमोहोर:
तुम्हा सगळ्यांचं गाव, रहस्य, बटण चाललंय. ज्याचा जीव गेला त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाहीये. या प्रकारात पहिल्या पाच मिनिटांत एक प्रेत लागतं, आणि ते बहुतेक वेळा तरुण मुलीचं. पाण्याकाठी, सुंदर प्रकाशात, केस नीट पसरलेले. पुढचे आठ तास तपास अधिकाऱ्याचा घटस्फोट, त्याची दारू, त्याचं दुःख. ती मुलगी फक्त एक फोटो. मी असल्या मालिका बघते, खोटं कशाला बोलू, पण मागच्या महिन्यात एक संपवल्यावर नवरा म्हणाला, 'त्या मुलीचं नाव काय होतं गं?' मला आठवेना.

शमा_क:
हे लागलं. 'ब्रॉडचर्च'मध्ये निदान त्या मुलाची आई शेवटपर्यंत समोर राहते, तिचं रिकाम्या हाताने घरात फिरणं दिसतं. पण तुमचं म्हणणं बाकी बऱ्याच मालिकांना लागू आहे.

तिरकस:
नीलमोहोर यांच्याशी पूर्ण सहमत. रातकिडा, तुमच्या त्या कड्याखालच्या मुलाचं नाव न बघता सांगा.

रातकिडा:
डॅनी. डॅनी लॅटिमर. आणि दुसऱ्या सीझनचा पहिला भाग लावून बसलोय, आता गप्प बसा.

तिरकस:
रात्रीचे साडेअकरा वाजलेत.