रजिस्ट्रीत नाव आहे, पण औषध मीच बंद केलंय. फॉर्ममध्ये काय लिहू?

आखडलेली_बोटं

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितेय.

मला सहा वर्षांपासून आमवात आहे, रूमॅटॉइड. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांवर भागेना म्हणून सव्वा वर्षापूर्वी जोडीला अडालिमुमॅब सुरू झालं. दर पंधरा दिवसांनी पोटावर एक इंजेक्शन, माझं मीच टोचायचं. सुरू झालं त्याच दिवशी एक ताई संमतीपत्र घेऊन आल्या. तुमची माहिती रजिस्ट्रीत, म्हणजे हे औषध घेणाऱ्यांच्या नोंदवहीत, घेऊ का, नाव कुठे जाणार नाही, उपचारात फरक पडणार नाही. सही केली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी फॉर्म येतो. सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात, ताप आला होता का, कुठे भरती झालात का, आणि ० ते १०० च्या रेघेवर 'एकंदर कसं वाटतं' त्याची खूण.

घोळ असा की खोकला लांबला म्हणून मी एक इंजेक्शन चुकवलं. खोकला गेला, पण पुढचंही टोचवेना. टोचलं की पुन्हा आजारी पडणार, असं डोक्यात बसलं. असं करता करता अडीच महिने झाले. डॉक्टरांना बोलले नाहीये. फॉर्म पुढच्या आठवड्यात आहे.

खरं लिहिलं तर माझी नोंद बाद होते का? आणि मुळात चाचण्या होऊनच औषध आलंय ना, मग माझ्या बोटांचा हिशेब कुणाला हवाय? खरं सांगते, 'सगळं ठीक' लिहून मोकळं व्हावं असं वाटतंय. जाणकारांनी सांगावं.

चष्मा_कुठेय

फॉर्म राहू द्या बाजूला, आधी डॉक्टरांना फोन करा. आजारपणात इंजेक्शन थांबवायला कधी कधी ते स्वतःच सांगतात, त्यामुळे ओरडा बसेल असं धरून चालू नका. पण पुन्हा कधी सुरू करायचं हे त्यांनी ठरवायचं, आपण नाही. बाकी वाचतोय.

रकानेवाली

बोटंताई, मी ती फॉर्मवाली ताई. म्हणजे तुमची नव्हे, दुसरीकडची. नऊ वर्षं हेच काम करतेय.

पहिलं म्हणजे औषध सोडणं वेगळं आणि रजिस्ट्री सोडणं वेगळं. तुम्ही औषध सोडलंत तरी नोंद चालूच राहते, संमती मागे घेतलीत तरच थांबते. उलट फॉर्ममध्ये माझा सगळ्यात लाडका रकाना कोणता विचाराल तर 'औषध बंद केल्याची तारीख व कारण'. आणि सगळ्यात जास्त वेळा कोरा येणारा रकानाही तोच. कारणांत पर्याय असतात: गुण आला नाही, त्रास झाला, गर्भधारणा, शस्त्रक्रिया, इतर. 'इतर' म्हणजे अडगळीची खोली. निम्म्या गोष्टी तिथे कोंबलेल्या असतात आणि पुढे ओळ रिकामी. मग मी फोन करत बसते. लोक ओशाळतात. मला ओशाळलेला माणूस चालतो, कोरा रकाना चालत नाही.

आता चाचण्यांबद्दल. चाचणीत माणसं निवडून घेतात. फार म्हातारी नकोत, मूत्रपिंड बिघडलेली नकोत, आणखी चार आजार असलेली नकोत. औषध बाजारात आलं की नेमक्या ह्याच माणसांना ते दिलं जातं. शिवाय संख्या. ३०० जणांना औषध दिलं आणि एकालाही अमुक त्रास झाला नाही, तर तो त्रास होतच नाही असं नाही म्हणता येत. शंभरात एकाला होत असेल, एवढी शक्यता उरतेच. हजारात एकाला होणारा त्रास बऱ्यापैकी खात्रीने नाकारायचा तर कमीत कमी ३००० माणसं लागतात, आणि तीही पुरेसा काळ.

तुमच्याच औषधाचं उदाहरण घ्या. ब्रिटनमध्ये संधिवाताच्या बायोलॉजिक औषधांची रजिस्ट्री २००१ पासून आहे. तिथून २०१० मध्ये टीबीचा हिशेब छापून आला. टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन रोखणारी औषधं (तुमचं त्यातलंच) घेणारे १०,७१२ रुग्ण, आणि तुलनेला जुन्या गोळ्यांवरचे ३,२३२. टीबी झाला ४० जणांना, सगळे पहिल्या गटातले. औषधागणिक फरकही दिसला: दर लाख रुग्णवर्षांमागे (एक रुग्ण एक वर्ष म्हणजे एक रुग्णवर्ष) एटानरसेप्टला ३९, इन्फ्लिक्सिमॅबला १३६, अडालिमुमॅबला १४४. घाबरू नका, लाखात १४४ आहे, आणि सुरू करण्याआधी तुमची टीबीची तपासणी झालेली असणार.

पण त्यातला मला कधी न विसरता येणारा आकडा वेगळाच. त्या ४० पैकी १३ जणांना टीबी झाला तो औषध बंद केल्यानंतर. हे १३ जण 'औषध सोडलं, विषय संपला' म्हणून वहीतून उडवले असते तर जवळजवळ एकतृतीयांश टीबी कुणाला दिसलाच नसता.

म्हणून तारीख हवी. अडालिमुमॅब शरीरात निम्मं व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे शेवटच्या इंजेक्शननंतरही ते बरेच दिवस रेंगाळतं. नवीन असताना मी एका आजोबांची बंद केल्याची तारीख म्हणून ते आम्हाला भेटायला आले तो दिवस लिहिला होता. खरं तर त्यांनी सात आठवडे आधीच सोडलं होतं. मधल्या काळातला न्यूमोनिया माझ्यामुळे औषध चालू असतानाचा ठरला. पडताळणीत पकडलं गेलं, नाहीतर तसंच राहिलं असतं. अजून लाज वाटते.

'सगळं ठीक' लिहिलंत तर काय होईल सांगते. अडीच महिने इंजेक्शन न घेतलेली बाई वहीत इंजेक्शन घेणारी म्हणून बसेल. बोटं सुजली तर औषध निकामी ठरेल, सुजली नाहीत तर फुकटचं श्रेय औषधाला जाईल.

आखडलेली_बोटं

बापरे. बोटं सुजलीच आहेत हो, आठवडाभर बाटलीचं झाकण उघडत नाहीये. डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली.

पण एक शंका. तुलना कुणाशी करतात? मी गोळ्यांवर भागेना म्हणून इंजेक्शनवर आले. जिचं गोळ्यांवर भागतंय ती मुळातच माझ्यापेक्षा बरी असणार ना?

भागाकार

हा प्रश्न पडला म्हणजे निम्मं संख्याशास्त्र आलं तुम्हाला. माझं पोट ह्याच आकडेमोडीवर चालतं.

छत्री घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा जास्त भिजलेले दिसतात, कारण छत्री बाहेर निघते ती पावसातच. कडक औषध जास्त आजारी माणसाला मिळतं, त्याचं पुढे जास्त बिघडतं, आणि आळ औषधावर येतो. उलटही होतं. स्वतःची नीट काळजी घेणारे लोक गोळ्याही नेमाने घेतात आणि गुण सगळा गोळीच्या नावावर जमा होतो. म्हणून सुरुवातीच्या फॉर्ममध्ये वय, सिगारेट, किती सांधे सुजलेत, आधी काय काय घेऊन झालं असं खोदून विचारलेलं असतं. शक्य तितकी सारखी माणसं समोरासमोर ठेवायची आणि दोघांचं घड्याळ औषध सुरू झाल्या दिवसापासून लावायचं. जो आधीपासून वर्षभर औषध घेतोय त्याला मध्येच धरलं तर पहिल्या महिन्यात ज्यांना सोसलं नाही ते आधीच गळलेले असतात आणि औषध उगाच गरीब गाय दिसतं.

एवढं करूनही जे विचारलंच नाही त्याचं काही करता येत नाही. परिणामकारकतेबाबत तर मी रजिस्ट्रीवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, धोक्यांबाबत जास्त ठेवतो. मात्र स्वीडनमध्ये ह्यावर छान तोड काढली. हृदयरुग्णांच्या रजिस्ट्रीतच चिठ्ठी टाकल्यासारखं रुग्ण दोन गटांत वाटले आणि पुढची माहिती नेहमीच्या नोंदींतूनच घेतली. हार्ट अटॅकचा संशय असलेले, पण रक्तात ऑक्सिजन पुरेसा असलेले ६,६२९ जण. निम्म्यांना ऑक्सिजन, निम्म्यांना साधी हवा. वर्षभरात मृत्यू ५.० टक्के आणि ५.१ टक्के. कित्येक दशकं सवयीने लावलेला मास्क, आणि त्या रुग्णांत फरक जवळपास शून्य. २०१७ ची गोष्ट.

पहाटपाखरू

अवांतर वाटेल, पण लिहितेच. मला अपस्मार आहे. मूल हवं होतं तेव्हा डॉक्टरांनी समोर आकडे ठेवले. ईयूरॅप नावाची, १९९९ मध्ये सुरू झालेली, अनेक देशांची गर्भारपणाची रजिस्ट्री आहे, त्यातले. २०१८ च्या अहवालात बाळात मोठं जन्मजात व्यंग असण्याचं प्रमाण फिटच्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएटवर १०.३ टक्के, लॅमोट्रिजिनवर २.९, लेव्हेटिरासिटामवर २.८. व्हॅल्प्रोएटचा डोस जास्त तर धोकाही जास्त. आमचं औषध सहा महिने आधी बदललं, तेही हळूहळू, फिट येऊ न देता.

गरोदर बाईला व्हॅल्प्रोएट देऊन बघू काय होतं, अशी चाचणी कोण करेल? त्या हजारो बायका औषध घेतच होत्या, त्यांनी फक्त कळवलं. आणि बाळाचं काही कळायच्या आधी कळवलं. नंतर सांगायचं म्हटलं की ज्यांचं वाईट झालं त्याच आठवणीने सांगतात.

आखडलेली_बोटं

जाऊन आले. डॉक्टर रागावले नाहीत, छाती तपासली, रक्त काढलं. रिपोर्ट आले की पुन्हा सुरू करायचं ठरलंय. मीच उगाच अडीच महिने भीत बसले.

फॉर्मही भरला. कारणात 'इतर' वर खूण केली आणि पुढे लिहिलं: आधी खोकला, नंतर भीती. तारीख मात्र आठवेना. मग फ्रीज उघडला. तीन महिन्यांची इंजेक्शनं एकदम मिळतात, त्यातली पाच उरली होती. कॅलेंडरवर पंधरा-पंधरा दिवस मागे मोजत गेले.

रकानेवाली

फ्रीजवरून तारीख! शेजारी 'अंदाजे' लिहिलंत ना?

आखडलेली_बोटं

लिहिलं. आणि पाच हा आकडाही.