मदत हवी आहे: मुलांना अक्षांश-रेखांश आणि ऑनलाइन नकाशे कसे शिकवायचे?

नमस्कार मंडळी, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. आमच्या सोसायटीतली आणि मागच्या गल्लीतली पाचवी ते सातवीची दहा-बारा मुलं रविवारी सकाळी माझ्याकडे जमतात, शिकवणी वगैरे नाही, शाळेत जे पाठ करून सोडून देतात ते जरा हाताने करून बघायचं एवढाच हेतू. सध्या नकाशा घेतलाय आणि अक्षांश-रेखांशापाशी गाडी अडलीये म्हणून इथे विचारतेय.

व्याख्या सगळ्यांना येतात हो. विषुववृत्त शून्य अंश, कर्कवृत्त साडेतेवीस, भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व, सगळं धडाधड म्हणून दाखवतात. पण पृथ्वीगोल समोर ठेवून नाशिक कुठे येतं ते बोटाने दाखव म्हटलं की बोट एकतर अरबी समुद्रात जातं नाहीतर पार ओडिशात. मी जरा खोदून विचारलं तेव्हा लक्षात आलं की मुलांचं म्हणणं असं की अक्षवृत्तं आडवी असतात ना, मग अक्षांश म्हणजे आडवं किती गेलो ते. त्यांच्या बाजूने बघितलं तर हे बरोबरच वाटतं! रेषा आडवी आणि मोजायचं मात्र उभं, हे त्यांना कुणी वेगळं करून सांगितलेलंच नाही. त्यात सातवीतला एकजण आलेख काढायला शिकलाय, तो म्हणतो आलेखात आधी आडवं सांगायचं मग उभं, इथे उलटं का? त्याला काय उत्तर द्यावं?

दुसरी अडचण दशांशाची. पुस्तकात अंश आणि मिनिटं, मोबाइलवर मात्र १९.९५ असं दिसतं. नाशिकरोड स्टेशन साधारण १९.९५ उत्तरेला आहे, तर मुलं म्हणतात १९ अंश ९५ मिनिटं. ६० मिनिटांचा एक अंश हे माहीत असूनसुद्धा! ०.९५ ला ६० ने गुणून ५७ मिनिटं येतात हे मी करून दाखवलं, त्यांनी वहीत उतरवून पण घेतलं, पण पुढच्या रविवारी परत तेच.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात मोठी, की अंश म्हणजे केवढा याचा अंदाजच नाही. इथल्या इथे, रामकुंडापासून काळाराम मंदिरापर्यंत एक अंश की थेट मुंबईपर्यंत, दोन्ही उत्तरं सारख्याच खात्रीने येतात.

साधनं म्हणाल तर एक लॅपटॉप, दोन मोबाइल, एक छोटा पृथ्वीगोल आणि जवळ मोकळं मैदान. प्रत्येकाच्या हातात फोन द्यायची माझी इच्छा नाही आणि पालकांचीही नाही. तर आधी कागद करावा की आधी स्क्रीन? गुगल मॅप्स, गुगल अर्थ, इस्रोचं नकाशांचं संकेतस्थळ भुवन यातलं मुलांना कुठलं झेपेल? मैदानात उतरून करण्यासारखं काही आहे का? ज्यांनी कुणी मुलांसोबत हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मला खरंच हे नीट करायचंय, कारण ही मुलं उद्या रस्ता शोधायला फोनच वापरणार आहेत आणि त्या निळ्या ठिपक्यामागे काय आहे हे त्यांना कळायला हवं.

प्रतिसाद

ताई, भूगोल शिकवण्यात माझी नोकरी गेली, आता निवृत्त आहे, तेव्हा जरा लांबण लागली तर चालवून घ्या.

तुमच्या मुलांनी जी अडचण सांगितली ती अगदी खरी आहे आणि मोठ्यांनाही असते. मी वर्गात शिडी आणायचो. शिडीच्या पायऱ्या आडव्या असतात, पण चौथ्या पायरीवर उभा आहे म्हटलं की आपण किती वर चढलो तेच कळतं. अक्षवृत्तांचं तसंच आहे. एकदा मुलाला स्वतः चढायला लावलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आता तुम्ही नाशिकमध्ये आहात हे तुमचं नशीब समजा, कारण २० अंश उत्तर ही रेषा आपल्या शहराच्या मधूनच जाते! पंचवटी रेषेच्या उत्तरेला, नाशिकरोड दक्षिणेला. लॅपटॉपवर गुगल मॅप्स उघडा, कुठेही राइट क्लिक केलं की सगळ्यात वर दोन आकडे दिसतात, त्यातला पहिला अक्षांश. मुलांना सांगा की पहिला आकडा बरोबर २०.०००० येईल अशा जागा शोधा, एक सापडली की तिच्या पूर्वेला दुसरी, मग पश्चिमेला तिसरी. आपल्या ओळखीच्या रस्त्यांवरून, घरांवरून अशी एक रेषा जाते हे मुलांना स्वतः सापडलं पाहिजे, आपण आधी सांगायचं नाही. मग तीच रेषा धरून पूर्वेकडे सरकत जा, चंद्रपूर लागतं, ओडिशात कोणार्क लागतं, दोन्ही २० च्या किंचित खाली. तसंच ७३.८ पूर्व धरून खाली आलात की पुणे आणि पणजी, वर गेलात की उदयपूर. नाशिक, पुणे, पणजी जवळजवळ एका उभ्या रेषेत आहेत हे मोठ्या माणसांना पण माहीत नसतं.

अंश केवढा ते याच्यातूनच येईल. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी. नाशिक २०.०, पुणे १८.५, फरक दीड अंश, म्हणजे सरळ रेषेत १६५ किमीच्या आसपास. रस्त्याने २०० च्या वर जातं, ते का, यावर मुलं अर्धा तास बोलतात, घाट येतात, गावं येतात, रस्ता वळतो. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे जाताना आखडत जातो, आपल्याकडे तो १०५ किमीच्या जरासा आत आहे. हे पृथ्वीगोलावर दोरा लावून मोजायला द्या, स्क्रीनवरच्या सपाट नकाशात ते दिसणार नाही. म्हणून माझं मत विचाराल तर आधी गोल, मग कागद, मग स्क्रीन.

मिनिटांचं म्हणाल तर घड्याळ वापरा. अर्धा तास म्हणजे ३० मिनिटं, ५० नाही, हे मुलांना पक्कं माहीत असतं. तर ०.५ अंश म्हणजे किती, पाव अंश म्हणजे किती, असं तोंडी घ्या, गुणाकार नंतर.

अजून एक, उन्हात करायचं. आपली प्रमाणवेळ ८२.५ पूर्वेची, आपण ७३.८ ला, फरक ८.७ अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे आपल्याकडे सूर्य डोक्याच्या जवळात जवळ येतो तो सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी, १२ ला नाही. ऋतूप्रमाणे ती वेळ पाव तास इकडेतिकडे होते. काठी रोवून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा, सगळ्यात आखूड सावली म्हणजे मध्यान्ह आणि तीच उत्तर-दक्षिण दिशा. २१ मार्चच्या सुमारास केलंत तर एक मीटर काठीची सावली ३६ सेंटीमीटर येते, तो कोन काढला की २० अंश! पुस्तकातला आकडा मुलांनी काठीने काढला याचा आनंद फार मोठा असतो. मे महिन्यात २०-२१ तारखेच्या आसपास तर सावली पायाखालीच जाते.

प्रतिसाद

काकांचा प्रतिसाद जबरदस्त, सेव्ह करून ठेवला. मी मॅपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्या सातवीतल्या मुलाचं उत्तर देतो. त्याला सांगा तुझा प्रश्न एकदम बरोबर आहे, अक्षांश आधी सांगायचा हा रिवाज आहे, निसर्गाचा नियम नाही. नकाशाच्या कितीतरी फाइल्समध्ये आजही रेखांश आधी लिहितात, आलेखासारखंच, आणि आम्हाला कामात रोज बघावं लागतं की समोरची फाइल कुठल्या पद्धतीची आहे. गुगल मॅप्समध्ये अक्षांश आधी लागतो. मुलांसमोर मुद्दाम उलटं टाका, ७३.८, २०.० असं. नाशिक थेट नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन पडतं! परत विसरणार नाहीत.

मैदानात करायचं असेल तर फोनवर आकडे दाखवणारं कुठलंही जीपीएस ॲप चालेल, त्याला नेट लागत नाही, उपग्रहांचे सिग्नल फोन थेट पकडतो. उत्तरेला चालत जा, दशांशानंतरचा तिसरा आकडा एकाने वाढला की साधारण १११ मीटर झाले. चौथ्या आकड्याला ११ मीटर. मोकळ्या आकाशाखाली फोन चारपाच मीटर इकडेतिकडे दाखवतोच, त्यामुळे लांब अंतर घ्या, आणि पाचव्या-सहाव्या आकड्याच्या मागे लागू नका. आणि हो, फोनवरचा नकाशा आपण वळलो की कधीकधी सोबत वळतो, मुलं तिथे हमखास गोंधळतात, कोपऱ्यातल्या होकायंत्रावर टॅप करून उत्तर वर करून घ्या.

प्रतिसाद

मी आई म्हणून लिहितेय. उपक्रम फार छान आहे, फक्त मुलांच्या घराचे आकडे फळ्यावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर नको प्लीज. पाच-सहा दशांश म्हणजे थेट घराचं दार. शाळा, मंदिर, बसस्टँड अशा सार्वजनिक जागाच घ्या. पांडवलेणी, सोमेश्वर, गंगापूर धरण, रामशेज, मुलांच्या ओळखीच्या जागा काय कमी आहेत का आपल्याकडे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. घरांचा मुद्दा शंभर टक्के पटला, सार्वजनिक जागाच घेईन. २० अंशाची रेषा शोधायचा खेळ काल लॅपटॉपवर घेतला, मुलं उठायला तयार नव्हती! एकीने विचारलं की उभी रेषा पण अशी पूर्ण आकड्याची आहे का जवळ, तर ७४ पूर्व सिन्नरजवळून जाते असं सापडलं. आता सगळ्यांना ती दोन्ही जिथे मिळतात तिथे जायचंय. गाडीने नेता येईल का? आणि शहराचा चांगला कागदी नकाशा कुठे मिळेल, भिंतीवर लावून रेषा आखायला?

प्रतिसाद

जरूर न्या! रेखांशाचा फरक साधारण ०.२१ अंश, म्हणजे शहरापासून सरळ पूर्वेला २२ किमीच्या आसपास. निफाड-सिन्नर तालुक्यांचा भाग आहे तो, जागा कुणाच्या शेतात निघाली तर मालकांना विचारून आत जा, द्राक्षांचा हंगाम असेल तर जास्तच जपून. अशा पूर्ण अंशांच्या छेदबिंदूंना भेट देऊन फोटो जमवणारा डिग्री कॉन्फ्लुअन्स प्रोजेक्ट १९९६ पासून चालू आहे, त्यावर जगभरातले फोटो मुलांना आधी दाखवा, कुठे वाळवंट, कुठे भातशेती.

नकाशासाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या (देशाचे नकाशे काढणारं सरकारी खातं) पोर्टलवर नोंदणी करा, ओपन सिरीजचे, म्हणजे सर्वांसाठी खुले असलेले, १:५०,००० चे नकाशे पीडीएफमध्ये मिळतात. पण एक लक्षात ठेवा, नाशिकला एक नकाशा पुरत नाही! २० अंशाची रेषा हीच शीटची कड आहे. जुन्या क्रमांकांत उत्तरेकडचा भाग ४६ एच मध्ये आणि दक्षिणेकडचा ४७ ई मध्ये येतो, दोन्ही घेऊन जोडावे लागतात. ते जोडायचं काम मुलांनाच द्या, जोडाची रेघ कुठून जाते ते त्यांना बघू दे.

धागाकर्ती

हे तर भारीच! ए३ वर प्रिंट काढली तर चालेल का? आमच्या इथल्या झेरॉक्सवाल्याकडे त्याहून मोठी निघत नाही.

प्रतिसाद

वाचता येईल पण मग ते १:५०,००० राहणार नाही. एक शीट १५ मिनिटांची, म्हणजे उंचीला जवळपास २८ किमी, त्या प्रमाणात कागदावर ५५ सेमी होतात आणि ए३ ची लांब बाजू ४२ सेमीच आहे. तेव्हा पट्टीने २ सेमी म्हणजे १ किमी असं मोजू देऊ नका, खाली जी रेघेची मोजपट्टी छापलेली असते ती वापरा, ती नकाशासोबतच लहान होते. पूर्ण आकारात हवं असेल तर प्लॉटरवर, म्हणजे मोठे कागद छापणाऱ्या यंत्रावर, ए१ काढून घ्या, आर्किटेक्ट लोकांचे ड्रॉइंग जिथे छापतात तिथे होऊन जाईल.