सौरवाऱ्यातल्या प्लाझ्मा लहरी यान मोजतं कसं? माझ्या कॉइलमध्ये नुसती ५० हर्ट्झची घरघर

इंदिरानगर_टीवाय
नमस्कार. मी नाशिकला टीवायबीएस्सी फिजिक्सला आहे. प्रोजेक्टसाठी जुन्या ट्रान्झिस्टरमधला फेराइट रॉड काढला आणि त्यावर ३६ गेजच्या तारेचे ३००० वेढे हाताने गुंडाळले. चार संध्याकाळी गेल्या. प्रीअँप लावून लॅपटॉपच्या माइकला जोडलं, तर गच्चीवर ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी सोडून काहीच दिसेना. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला नेलं. तिथे घरघर बरीच कमी झाली, पण उरलेला आवाज लॅपटॉपचाच निघाला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या इलेक्ट्रॉन आणि धनभारित आयनांच्या प्रवाहात (हाच प्लाझ्मा), एका घनसेंटीमीटरला जेमतेम पाच-दहा कण असतात. इतक्या विरळ जागी लहर उठते कशात? आणि यानावर सोलर पॅनल, कन्व्हर्टर, मोटारी असताना ती ऐकू कशी येते? आपलं आदित्य एल-१ या लहरी मोजतं का?

अंबड_रिवाइंडिंग
ताई, २२ वर्षं मोटारी रिवाइंड करतोय, म्हणून कॉइलचं तेवढं सांगतो. कॉइलला चुंबकक्षेत्र कळत नाही, क्षेत्रातला बदल कळतो. बदल जितका झपाट्याचा, तितका व्होल्टेज जास्त. त्यामुळे यानावरही तुमच्यासारखी कॉइल, जिला सर्च कॉइल म्हणतात, वेगाने हलणाऱ्या लहरींसाठी वापरतात. मिनिटा-मिनिटाने डुलणाऱ्या लहरीला ती बहिरी. तिथे फ्लक्सगेट लागतो. त्यात कोअर मुद्दाम आलटून पालटून दोन्ही बाजूंनी सॅच्युरेट करतात. बाहेर क्षेत्र असेल तर एका बाजूला तो आधी भरतो, आणि दिलेल्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीला सिग्नल उमटतो. त्यावरून क्षेत्र किती ते कळतं.

कॉइलपासून लॅपटॉपपर्यंतच्या दोन तारांना घट्ट पीळ द्या. सुट्या तारा म्हणजे आणखी एक कॉइलच.

सिन्नरफाटा_सर
तुम्हाला लॅपटॉपचा आवाज वेगळा ओळखता आला, हे मला फार आवडलं. या विषयात निम्मी मेहनत तिथेच जाते.

३१ वर्षं बारावीला शिकवताना मी दरवर्षी अलिबागची गोष्ट सांगायचो. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकक्षेत्र नोंदवणारी वेधशाळा होती. १८५९च्या प्रचंड सौरवादळाची नोंद तिथली आहे. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या प्रवाहापुढे नोंदी टिकल्या नसत्या, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळलं. यानाची अडचण अशी, की तिथे ट्राम आणि वेधशाळा एकाच गाडीत बसून निघतात.

आदित्यचं अलिबाग ६ मीटरवर आहे. तेवढ्या लांब दांडीच्या टोकाला एक फ्लक्सगेट आणि मध्यावर, ३ मीटरवर, दुसरा. दोन कशाला? यानाला छोटा चुंबक धरा. त्याचं क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, म्हणजे दुप्पट अंतरावर एक अष्टमांश. समजा ३ मीटरवर १३ नॅनोटेस्ला दिसले आणि ६ मीटरवर ६. फरक ७. यानाचा वाटा बाहेर १ आणि आत ८, हेही ७ने जुळतं. तो वजा केला की दोन्हीकडे ५ उरतात. हे ५ सौरवाऱ्याचे. आपल्या नाशिकच्या जमिनीवर हाच आकडा चाळीस हजारांच्या घरात असतो, यावरून ते काम किती नाजूक आहे बघा. विजेच्या आवाजावर आणखी एक तोड असते: यानावरचे कन्व्हर्टर एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला बांधायचे. आवाज जात नाही, पण ठरावीक रेघांवर बसतो आणि मधली जागा स्वच्छ मिळते.

आता पाच कणांचं. हे कण एकमेकांवर आदळत नाहीत, ते विद्युत बलाने लांबूनच एकमेकांना ओढतात आणि ढकलतात. पृथ्वीजवळ ही सामूहिक ओढाताण साधारण १० मीटरच्या टप्प्यात चालते, त्याला डिबाय लांबी म्हणतात. आता १० मीटरचा घन घ्या. त्यात १०० कोटी घनसेंटीमीटर, म्हणजे इलेक्ट्रॉन झाले ५०० कोटी. त्यांना थोडं बाजूला सरकवा. मागे राहिलेले आयन त्यांना ओढतात, ते परत येतात, वेगात पुढे निघून जातात, पुन्हा ओढले जातात. झोकाच. ही लँगम्युअर लहर. तिची फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये म्हणजे दर घनसेंटीमीटर इलेक्ट्रॉनांचं वर्गमूळ गुणिले ९. पाच इलेक्ट्रॉनांना २० येते.

हेच सूत्र उलटं वापरा. व्हॉयेजर १वरचं प्लाझ्मा मोजणारं उपकरण १९८०लाच निकामी झालं होतं, पण १० मीटरच्या दोन अँटेना चालू होत्या. २०१३च्या एप्रिल-मे महिन्यांत त्यांवर २.६ किलोहर्ट्झच्या लहरी आल्या. २.६ला ९ने भागा, वर्ग करा: ०.०८. सूर्याच्या पंखाखालची, म्हणजे सौरवाऱ्याच्या हद्दीतली, घनता तिथे याहून कितीतरी कमी असते. म्हणजे यान ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलं होतं. नोंदी मागे ताडून पाहिल्यावर सीमा ओलांडल्याची तारीख निघाली २५ ऑगस्ट २०१२. हे गणित फळ्यावर करताना माझा हात दरवेळी थांबायचा.

अँटेनाची लांबी याच हिशेबात बसते. प्लाझ्माच्या स्वतःच्या कुजबुजीवरून घनता वाचायची तर अँटेना डिबाय लांबीहून मोठी हवी. १९९४मध्ये सोडलेल्या विंड यानाची तार सोडताना टोकापासून टोकापर्यंत १०० मीटर होती, यान फिरतं म्हणून ती ताणलेली राहते. पार्कर यान सूर्याच्या अगदी जवळ जातं. तिथे प्लाझ्मा दाट, डिबाय लांबी मीटरभर, त्यामुळे २ मीटरच्या चार अँटेनांवर भागतं.

आदित्यवर अशी अँटेना नाही. त्याला क्षेत्राचे मंद हेलकावे दिसतात, २० किलोहर्ट्झची लँगम्युअर लहर दिसत नाही.

खोडद_फाटा
सरांच्या उत्तराला एक जोड. सौरवारा सेकंदाला ४०० किलोमीटरने वाहतो आणि आल्फवेन लहरींचा (चुंबकक्षेत्राच्या रेषा ताणलेल्या तारेसारख्या हलून उठणाऱ्या लहरी) स्वतःचा वेग पृथ्वीजवळ ५०च्या आसपास. त्यामुळे यानावर दिसणारी फ्रिक्वेन्सी मुख्यतः वाहून नेल्याची असते.

पुरात आपण गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढं कळतं. पण तो फुगवटा किती लांबीचा आहे आणि किती वेगाने पुढे जातोय, हे एकटा मारुती सांगू शकत नाही. त्यासाठी काठाने आणखी खुणा हव्यात. म्हणूनच २०००मध्ये क्लस्टरची चार यानं गेली, २०१५मध्ये एमएमएसची चार. चारांमध्ये लहर कुठे आधी पोचली हे बघून तिची दिशा आणि लांबी काढतात.

इंदिरानगर_टीवाय
सगळ्यांचे आभार. काल तारांना पीळ देऊन पुन्हा बॅकवॉटरला गेले. लॅपटॉपच्या आवाजाची रेघ अर्ध्या मीटरवर २४०, एक मीटरवर ३१. जवळजवळ आठपट! ५० हर्ट्झची रेघ मात्र दोन्हीकडे तेवढीच, कारण विजेच्या तारा दूर आहेत. आता आदित्यसारख्या दोन कॉइल लावून वजाबाकी करणार आहे. दादा, दुसरीलाही ३००० वेढेच ठेवू ना?

अंबड_रिवाइंडिंग
३०००च, आणि गुंडाळण्याची दिशाही तीच. एक-दोन वेढ्यांनी चालेल, पन्नास चुकले तर वजाबाकी बसणार नाही. पहिलीचे हातावर मोजलेत म्हणून म्हणतो, दोन्ही नव्याने करू. रविवारी सकाळी रॉड घेऊन दुकानात या, मशीनला काउंटर आहे.