अरबी समुद्रात खरंच काही शिजतंय का? जीएफएस (अमेरिकन हवामान मॉडेल) थेट कोकणावर वादळ आणतंय

पार्लेकर_पाऊस:
मंडळी, जीएफएस १० दिवसांनी लक्षद्वीपच्या वर वादळी सिस्टीम बनवून सरळ हर्णै-श्रीवर्धनवर आणून आपटतंय, युरोपियन मॉडेलमध्ये मात्र तिथे साधा कमी दाब आहे, बस. सोसायटीच्या ग्रुपवर महाचक्रीवादळ सुरू पण झालं. मेहुण्याची वाडी दापोलीला, २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात सगळी सुपारी आडवी झालेली, तो सारखा फोन करतोय. काय सांगू त्याला?

ढगवेडा:
अरे, मे-जूनमध्ये जीएफएसला वादळांची स्वप्नं फार पडतात, सकाळच्या रनला (मॉडेलच्या फेरीला) कोकण आणि संध्याकाळच्या रनला ओमान. अजून लो (कमी दाबाचं क्षेत्र) पण नाहीये. लो, मग डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन, वारा ताशी ६२ किमीला पोचला की चक्रीवादळ आणि मग नाव. सेंटर कुठे धरणार तेच माहीत नाही तर ट्रॅक कसला काढतोस, एन्सेम्बल (थोड्या थोड्या बदलाने काढलेले अनेक अंदाज) उघडून बघ, रेषा येमेनपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरल्यात.

कुलाबा_वेधी:
समुद्र तापलेला आहेच, वादळाला २६.५ अंश लागतं, इथे ३०च्या वर आहे. प्रश्न शिअरचा, म्हणजे खालच्या-वरच्या वाऱ्यांतल्या फरकाचा. मान्सूनचा जोर वाढला की खाली पश्चिमेचे आणि वर पूर्वेचे वारे, ढग उभाच राहू देत नाहीत. माझा अंदाज, बनेल पण कोकणात वळणार नाही. निसर्ग वळलं ते अपवाद म्हणायचं. २०१९चं वायू गुजरातच्या तोंडाशी येऊन फिरलं, २०२३चं बिपरजॉय जखाऊला गेलं आणि दोन्ही वर्षी मुंबईत मान्सून उगवला २५ जूनला!! मला वादळापेक्षा त्याचीच धास्ती जास्त.

ढगवेडा:
सहमत, पण लांबून गेलं म्हणजे सुटलो असं नाही हां. २०२१चं तौक्ते गुजरातला धडकलं तरी कुलाब्याला ताशी ११४ किमीचे झोत होते.

वेसावकर:
आमच्या बोटी १ जूनच्या बंदीमुळे तशाही वर येणार, पण खोल गेलेल्यांना परतायला वेळ लागतो म्हणून आम्ही मॉडेल बघत बसत नाय, हवामान खात्याची मच्छीमारांसाठीची सूचना आली आणि बंदरावर बावटा (धोक्याची खूण) चढला की वायरलेसवर बोलावून घेतो.

पार्लेकर_पाऊस:
ओके, मेहुण्याला सांगितलं की पत्रे तेवढे आवळून घे, ते तसंही पावसाआधी करायचंच असतं. लो बनला की धागा वर काढतो.