मदत हवी आहे: १४ वर्षांच्या मुलीला चाई, गोळ्या सुरू कराव्यात का?

माझी मुलगी नववीत आहे. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तिची वेणी घालत होते. भांग पाडायला फणी फिरवली तर उजव्या कानाच्या वर रुपयाच्या नाण्याएवढी जागा मोकळी. इतकी गुळगुळीत, की बोट फिरवलं तर मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरतंय असं वाटावं. खाज नाही, कोंडा नाही, लालीही नाही. सासूबाईंनी बघताच सांगितलं, "चाई पडलीय."

आमच्याकडे चाई म्हणजे केस खाणारा किडा, असंच सगळे धरून चालतात. त्यामुळे पहिला महिना किडा मारण्यातच गेला. कांद्याचा रस झाला, जास्वंदीचा पाला झाला. गावाकडून एकांनी बिब्बा घासायला सांगितला, तो मात्र मी लावू दिला नाही. बिब्बा उतल्यावर कातडीचं काय होतं ते मी लहानपणी पाहिलंय. मग जवळच्या डॉक्टरांनी गजकर्ण समजून मलम दिलं, त्यात आणखी पाच आठवडे गेले. ते पाच आठवडे अजून मनातून जात नाहीत.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगाचा कॅमेरा डोक्यावर धरून पडद्यावर दाखवलं: चट्ट्याच्या कडेचे तुटके केस वर जाड आणि मुळाशी बारीक, उद्गारचिन्हासारखे. किडा नाही, संसर्ग नाही, दुसऱ्या कुणाला होणार नाही. शरीराच्याच संरक्षक पेशी केसाच्या मुळाला परकं समजून हल्ला करतात. मूळ मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतो. हे ऐकून मला तिथेच रडू आलं.

दर चार आठवड्यांनी चट्ट्यात स्टेरॉइडची (ट्रायमसिनोलोन) इंजेक्शनं दिली. बारीक सुईने सात-आठ टोचण्या, लेक माझा हात घट्ट धरून बसायची. आधी पांढरी लव आली, मग काळी झाली. जानेवारीपर्यंत जागा भरली. आणि मार्चमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, एकदम पाच नवे चट्टे. मानेवर केसांच्या कडेने एक पट्टाच गेला, डावी भुवई अर्धी झाली, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आले. डॉक्टरांच्या मोजणीने आता डोक्याचा ५५ टक्के भाग मोकळा आहे. एवढ्या भागात इंजेक्शनं देता येत नाहीत.

त्यांनी दोन वाटा सांगितल्या आहेत. एक डीपीसीपी: हे रसायन दर आठवड्याला लावून डोक्यावर मुद्दाम सौम्य ॲलर्जी उठवायची, म्हणजे त्या पेशींचं लक्ष मुळांवरून हटतं. त्यात खाज येते, कधी मानेच्या गाठी सुजतात, आणि लावल्यावर दोन दिवस डोकं धुवायचं नाही, उन्हात जायचं नाही. शाळा सांभाळून हे कसं जमवायचं? दुसरी वाट टोफासिटिनिबच्या गोळ्या. हे मुळात संधिवाताचं औषध, चाईसाठी डॉक्टर ते स्वतःच्या जबाबदारीवर देतात. या गोळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून त्याआधी टीबीची तपासणी हवी. माझ्या सासऱ्यांना सहा वर्षांपूर्वी टीबी झाला होता, तेव्हा आम्ही सगळे एकाच घरात होतो. भीती आहे ती याचीच.

मी वाचलं, की खास चाईसाठी अमेरिकेत जून २०२२मध्ये मोठ्यांसाठी बॅरिसिटिनिब आणि जून २०२३मध्ये १२ वर्षांपुढच्यांसाठी रिटलेसिटिनिब मंजूर झालं. तिच्या वयाला चालणारं हे दुसरं औषध आपल्याकडे कुणी वापरलंय का? की आणखी चांगलं काही यायची वाट बघावी? गोळ्या बंद केल्यावर केस पुन्हा जातात हे खरं का? ज्यांनी घरात हे सोसलंय त्यांनी कृपया लिहा. परवा ती म्हणाली, "आई, एकदाच सगळे जाऊ देत. रोज उशीवर बघायला नको."

मुळाकाठ:
ताई, मी ३१ वर्षांचा, मला अकरावीपासून चाई. गेली दोन वर्षं बॅरिसिटिनिबवर आहे. पहिले तीन महिने काहीच नव्हतं आणि मी सोडायच्या बेतात होतो. चौथ्या महिन्यात भुवया आल्या, नवव्यात न्हाव्याकडे गेलो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, जातात. मी मध्ये दोन महिने गोळ्या थांबवल्या आणि मागच्या बाजूला चट्टा आला. हे औषध रोगाला दाबून ठेवतं, मुळातून काढत नाही. आणि सगळ्यांना गुण येतोच असंही नाही. मोठ्या चाचण्यांत ४ मिलीग्रॅम घेणाऱ्यांपैकी ३६ आठवड्यांनी ३५ ते ३९ टक्के लोकांच्या डोक्याचा किमान ८० टक्के भाग केसांनी भरला होता. उरलेले सगळे नापास नव्हेत, कित्येकांना उशिरा गुण येतो. लेकीला हे आकडे आधीच सांगा, तिला झेपतील.

निशिगंध:
मी त्वचारोग विभागात काम करते. मुलीला न बघता औषध सांगणार नाही, पण टीबीच्या तपासणीबद्दल लिहिते. हातावरची मांटू चाचणी लहानपणी दिलेल्या बीसीजी लसीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची इग्रा चाचणी बीसीजीने फसत नाही, म्हणून डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. सोबत छातीचा एक्स-रे लागेलच. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी दार बंद होत नाही. सुप्त टीबीवर (जंतू शरीरात असतात, पण आजार झालेला नसतो) उपचार सुरू करून साधारण महिन्याने या गोळ्या देता येतात. फक्त रिफॅम्पिसिनच्या कुळातली औषधं टोफासिटिनिबचा परिणाम फार कमी करतात, म्हणून टीबीचे डॉक्टर आणि त्वचेचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं व्हायला हवं.

आणखी एक, जे हमखास राहून जातं: तिला कांजिण्या झाल्यात का, किंवा लस दिली आहे का? ती जिवंत विषाणूची लस असते. या गोळ्या चालू असताना देत नाहीत, आधी देऊन काही आठवडे थांबतात. शिवाय रक्तपेशी, यकृत आणि कोलेस्टेरॉल यांच्या तपासण्या सुरुवातीला आणि पुढेही ठरावीक अंतराने करायच्या.

वाट बघण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. छोटे एक-दोन चट्टे असते तर थांबा म्हटलं असतं, ते पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतात. पण मानेवरचा पट्टा आणि नखांचे खड्डे ही हट्टी चाईची लक्षणं आहेत. केस जाऊन जितकी वर्षं उलटतात तितका या औषधांचा गुण कमी येतो. नवी औषधं येत राहतील, जुलै २०२४मध्ये अमेरिकेत ड्यूरुक्सोलिटिनिब हे तिसरंही मंजूर झालं, मोठ्यांसाठी. आज सुरू केलेली गोळी उद्या बदलता येते.

रानजाई:
माझी पुतणी याच वयात यातून गेली. आम्ही एक केलं: तिच्या परवानगीने वर्गशिक्षिकेला भेटलो आणि त्यांनी वर्गात पाच मिनिटांत सांगितलं, की हे लागत नाही. डब्याला सोबत न बसणाऱ्या मुली दुसऱ्या दिवशी बसल्या. रिबिनीच्या दोन वेण्यांच्या नियमातून तिला सूट मिळाली, सुती स्कार्फ चालला. विग घ्यायचा तर तिला सोबत नेऊन घ्या. आम्ही परस्पर आणलेला विग तिने एकदाही घातला नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. निशिगंध, कांजिण्यांचं आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं. लसीचं जुनं कार्ड शोधलं, ती लस दिलेलीच नाही, आणि तिला कांजिण्या झाल्याचंही आठवत नाही. सोमवारी डॉक्टरांना हे आधी सांगते, इग्राचंही विचारते. मुळाकाठ, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला आणि विचारलं, "नवव्या महिन्यात म्हणजे माझी नववीची परीक्षा झालेली असेल का?" मी बोटांवर मोजून हो म्हटलं. रानजाई, शाळेच्या मुख्याध्यापिकांकडे बुधवारची वेळ घेतली आहे. पुतणीचा स्कार्फ घाम आल्यावर सरकत नव्हता ना, आणि तो कुठल्या कापडाचा होता, तेवढं व्यनि (खाजगी निरोप) कराल का?