औषध कोणी, केव्हा आणि किती दिले? नोंद कशी ठेवावी?

बी-७०४ : नमस्कार. आमच्या ३ वर्षांच्या मुलीला परवापासून ताप आहे. सकाळचे औषध पाजून मी घोडबंदर रोडची गर्दी टाळण्यासाठी लवकर निघते, दुपारी सासूबाई देतात आणि रात्री हे; त्यामुळे आधीचा डोस किती वाजता झाला, यासाठी दर वेळी फोनाफोनी करावी लागते. आपण ही नोंद कशी ठेवता?

ए-२०३ : आम्ही घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहितो, वेळ आपोआप नोंदवली जाते.

सी-११०१ (निवृत्त फार्मासिस्ट) : त्यास हरकत नाही, परंतु आजीबाईंचा फोन चार्जिंगला लावलेला असेल, तर ती नोंद असून नसल्यासारखीच. औषधाच्या बाटलीजवळ एक कागद लावावा, पाजल्याबरोबर वेळ, मिली आणि देणाऱ्याचे नाव लिहावे, आणि तो वाचल्याशिवाय कोणीही बाटली उघडू नये. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचे अंतर हवे आणि २४ तासांत ४ पेक्षा अधिक डोस नकोत, म्हणून सकाळ झाली तरी कालची रात्र त्याच कागदावर दिसली पाहिजे. माझ्या मते खरा धोका वेगळाच आहे : सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असते, तेव्हा कंपनीचे नाव न लिहिता आतील घटक लिहावा.

बी-७०४ : काका, आता बाटली पाहिली. चिठ्ठीवर '१२०, ५ मिली' असे आहे, पण दुकानातून मिळालेल्या नव्या बाटलीवर ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम असे छापले आहे. मुलीचे वजन १२ किलो आहे. ही बाटली अजून उघडलेली नाही.

सी-११०१ : मग त्यातून ५ मिली मुळीच देऊ नका. एका डोसला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे तिला १२० ते १८०. ड्रॉप्स तर याहून तीव्र असतात, अनेकदा एका मिलीतच १०० मिलिग्रॅम. डॉक्टरांना आत्ताच फोन करा, आणि घरातल्या चमच्याऐवजी मापाची सिरिंज वापरा.

बी-७०४ : डॉक्टरांशी बोलणे झाले. त्यांनी ही बाटली बदलून १२० चीच आणायला सांगितली आहे. सासूबाई मात्र वेगळा कागद नको म्हणतात. दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात, तिथेच औषधाचीही नोंद करणार आहेत.

सी-११०१ : उत्तम. औषधाची नोंद तेवढी लाल शाईने करायला सांगा.