अनुभव: जपानमधली कर्मचारी नसलेली स्थानके

काल कपाट आवरताना जुन्या डायरीत एहिमे प्रांतातल्या शिमोनादा स्थानकाचे वेळापत्रक सापडले, मी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेले. मात्सुयामाहून एका डब्याची गाडी किनाऱ्याने आली, मला उतरवून निघून गेली आणि मागे उरले एक फलाट, लहानसे छप्पर, बाक आणि समोरचा इयो-नादाचा समुद्र. हे स्थानक १९३५ सालचे. १९८६ मध्ये उचिकोमार्गे कमी अंतराचा लोहमार्ग झाल्यापासून जलद गाड्या तिकडून जातात, त्यामुळे इथे पुढच्या गाडीला बराच अवकाश होता. प्रतीक्षागृहातल्या वहीत प्रवासी आपापले काही लिहून ठेवतात. तिच्यात मीही मराठीत चार ओळी लिहिल्या. आपलेही अनुभव जरूर लिहावेत.

नागोयाकर
अशा गाडीत चढताना यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, चालकाजवळच्या फलकावर त्या क्रमांकाखालचे भाडे पाहायचे आणि उतरताना चिठ्ठीसह पैसे पेटीत टाकायचे, हे मला ठाऊकच नव्हते. हातात दहा हजार येनची नोट होती आणि ती सुट्या पैशांच्या यंत्रात चालत नव्हती. मागे उभ्या असलेल्या आजींनी आपल्या पाकिटातून हजाराच्या नोटा मोजून दिल्या. त्यांचे आभारही मला नीट मानता आले नाहीत, ही खंत अजून आहे.

डोंगरवाट
गुन्मा प्रांतातल्या दोआईला आईसोबत गेलो होतो. तिथला उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांचा फलाट बोगद्यात खोल आहे आणि वर यायला ४६२ पायऱ्या चढाव्या लागतात, हे मी तिला आधी सांगितले नव्हते. ती चूक माझीच. ती रामनाम घेत, थांबत थांबत चढली. वर पोहोचलो तेव्हा तिकीट मागायलाही कोणी नव्हते.

नागोयाकर
@डोंगरवाट, आईंचे गुडघे आता कसे आहेत? पुन्हा नेणार असाल तर उत्तरेकडच्या नागाओकाच्या बाजूने या. तिकडून येणाऱ्या गाड्यांचा फलाट जमिनीवरच आहे.

डोंगरवाट
बरे आहेत. हे तिला आजच सांगतो.

लेकीची आई
आम्ही वाकायामातल्या किशी स्थानकावर गेलो होतो. तिथले कर्मचारी काढून घेतल्यानंतर २००७ साली तामा या मांजरीला स्थानकप्रमुख नेमले होते; ती २०१५ मध्ये गेली. फलाटावरच्या तिच्या छोट्या देवळापुढे लेकीने केसांतली पिन काढून ठेवली. मला ती उचलून घ्यावीशी वाटली नाही.

नागोयाकर
धागाकर्त्या ताई, एक विचारतो: वेळापत्रक हाताने का उतरवलेत?

धागाकर्ती
फोन बंद पडला होता, अंधारून आले होते आणि शेवटची गाडी चुकली तर रात्र कुठे काढावी, हे विचारायला स्थानकात कोणीच नव्हते. म्हणून भिंतीवरचे सगळे आकडे, परतीच्या गाड्यांचेही, लिहून घेतले.